स्टीलची शेड, गोडाऊन, ऑफिस बिल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून बनवलेले नाहीत, लोकांनीच पाठवलेत, काही तर इतक्यांदा की उत्तर तोंडपाठ झालंय. सोपे वर आहेत, किचकट खाली. एकच गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा, म्हणून मधेमधे "अमुक प्रश्न बघा" असं दिसेल. आणि आधीच सांगून ठेवतो, बरीच उत्तरं फिरून फिरून जॉइंट आणि ब्रेसिंगवर (फ्रेम कलू नये म्हणून लावलेले तिरके आधार) येतात, कारण स्टीलचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच निघतं.

१. स्ट्रक्चरल स्टील म्हणजे नक्की काय? सळई पण स्टीलच ना?

दोन्ही स्टीलच, काम वेगळं. सळई काँक्रीटच्या पोटात बसून ओढ घेते, एकटी उभी राहून ती काही कामाची नाही. स्ट्रक्चरल स्टील म्हणजे आय-बीम (साइटवर सरसकट गर्डर म्हणतात ते), चॅनल, अँगल, चौकोनी आणि गोल पाइप, प्लेट, आणि यांचाच सांगाडा होतो. यात कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत असतो म्हणून वेल्डिंग नीट बसतं, आणि तुटायच्या आधी २० टक्क्यांच्या वर ताणलं जातं. हा गुण ताकदीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण काचेसारखं फटकन न जाता स्टील आधी वाकून दाखवतं, माणसाला पळायला वेळ देतं. अर्थात जॉइंटनेही तेवढा दम धरला तर.

२. आरसीसी करू की स्टील?

मोठा मोकळा हॉल हवा, वेळ कमी आहे, पुढे वाढवायचंय, जमीन कमजोर आहे, वर क्रेन चालवायचीये, यातलं दोन-तीन गोष्टींना हो असेल तर स्टील. खांब जवळजवळ चालणार असतील, आवाज-थरथर नको असेल, सतत ओलावा किंवा केमिकलची वाफ असेल आणि मेंटेनन्स कोणी करणार नसेल, तर आरसीसीच बरं. वेगाचं कारण साधं आहे, फाउंडेशन साइटवर चालू असताना तिकडे वर्कशॉपमध्ये बीम-कॉलम तयार होत असतात. १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग सुमारे ५७,००० टन स्टीलची, आणि आख्खी बिल्डिंग १ वर्ष ४५ दिवसांत उभी राहिली. पण तो वेग ड्रॉइंग आधी पक्कं असेल तरच मिळतो. काँक्रीटमध्ये शटरिंग बांधेपर्यंत मन बदलता येतं, स्टीलमध्ये भोक पडलं की पडलं.

३. पीईबी आणि साधी स्टील शेड यात फरक काय? पीईबी हलकं असतं म्हणजे कच्चं असतं का?

पीईबी म्हणजे प्री-इंजिनीअर्ड बिल्डिंग, जिचे भाग कारखान्यात बनून येतात. कच्चं नाही, मापात कापलेलं असतं. साध्या पद्धतीत बाजारात मिळतो तो रोलिंगचा बीम घ्यायचा, जो टोकापासून टोकापर्यंत सारखाच जाड. पीईबीत प्लेट कापून, वेल्ड करून सेक्शन बनवतात, जिथे ताण जास्त तिथे खोल, जिथे कमी तिथे बारीक, म्हणून त्या फ्रेमचा कॉलम वरच्या कोपऱ्यात रुंद आणि खाली निमुळता दिसतो. पर्लिन, म्हणजे छताचा पत्रा ज्यांच्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या, पातळ पत्रा वाकवून बनवलेल्या झेड आकाराच्या असतात. साइटवर फक्त बोल्ट मारायचे.

खरा फरक नंतर जाणवतो. साध्या जाड बीममध्ये न वापरलेली ताकद बरीच शिल्लक असते, त्यामुळे मालकाने नंतर काही टांगलं, काही कापलं तरी ते खपून जातं. पीईबीत ती शिल्लक काढूनच पैसे वाचवलेले असतात. म्हणून पीईबी घेताना पुढच्या दहा वर्षांत काय काय लटकवणार ते आधीच सांगून टाका. पुढे प्रश्न २० आणि २१ वाचा.

४. ३५० ग्रेडचं स्टील घेतलं तर २५० पेक्षा बीम कमी वाकेल ना?

नाही. हा गैरसमज इंजिनीअर लोकांतही सापडतो.

२५० किंवा ३५० हा आकडा म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ताण आला की स्टील कायमचं वाकायला लागेल तो. आयएस २०६२ या भारतीय मानकातलं ई२५०, ई३५०, युरोपातलं एस३५५, अमेरिकेतलं ए९९२ ज्याचा आकडा ३४५, सगळे त्याच पद्धतीचे. पण किती झोल पडेल हे ठरतं कडकपणावर, आणि तो सगळ्या ग्रेडमध्ये एकच, साधारण २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. म्हणजे तोच बीम, तोच लोड, ग्रेड बदलला तरी झोल मिलिमीटरलाही बदलत नाही. उलट ३५० घेतलं म्हणून कोणी बीम बारीक केला तर झोल वाढतो. लांब स्पॅनमध्ये बहुतेक वेळा ताकद नाही, झोलच नडतो, तिथे भारी ग्रेडचे पैसे वाया. आखूड आणि जड लोडवाल्या मेंबरला (सांगाड्याचा कुठलाही एक तुकडा), खालच्या मजल्यांच्या कॉलमला मात्र ३५० चा चांगला फायदा होतो.

५. मिल टेस्ट सर्टिफिकेट आलंय, मग स्टील बरोबरच असणार ना?

सर्टिफिकेट कागदाचं असतं, तपासायचं स्टील. त्यावर हीट नंबर (भट्टीतून एका वेळी निघालेल्या मालाचा नंबर) असतो, तोच नंबर प्लेटवर पेंटने किंवा ठोकून लिहिलेला दिसला पाहिजे. नंबर जुळत नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच मालाचं आहे असं धरा. वर्कशॉपमध्ये प्लेट कापल्यावर नंबर एकाच तुकड्यावर राहतो आणि बाकीचे अनाथ होतात, म्हणून कापायच्या आधी नंबर पुढच्या तुकड्यांवर उतरवून घ्यायला सांगा. शंका आली तर तुकडा लॅबला पाठवून ओढून बघायचा, एवढं सोपं आहे.

६. माझ्या शेडला किती टन स्टील लागेल, अंदाजे तरी सांगा?

क्रेन नसलेली साधी एकमजली शेड असेल तर चौरस मीटरला २५ ते ४० किलोच्या आसपास धरून चर्चा सुरू करता येते, क्रेन आली, उंची वाढली, वारा जोरदार असला की आकडा पळतो. यापुढे मी अंदाज देत नाही, कारण लोक तो आकडा घेऊन फॅब्रिकेटरशी (स्टीलचे भाग बनवणाऱ्याशी) भांडायला जातात.

वजन स्वतः मोजायला मात्र शिका. स्टीलचा घनमीटर ७,८५० किलोचा. म्हणून प्लेटची मिलिमीटरमधली जाडी गुणिले ७.८५ केली की चौरस मीटरचं वजन आलं, १० मिलिमीटरची प्लेट ७८.५ किलो. गोल सळईला डी स्क्वेअर बाय १६२, म्हणजे २० मिलिमीटरची सळई मीटरला साधारण २.४७ किलो. बिल टनावर असेल तर कापून उरलेल्या तुकड्यांचं, बोल्टचं आणि वेल्डचं वजन कोणाच्या खिशातून, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

७. मधे एकही खांब नको, किती रुंद जाता येईल?

पोर्टल फ्रेमने, म्हणजे दोन कॉलम आणि उताराचे दोन राफ्टर घट्ट जोडून, ३० मीटर आरामात, ५० पर्यंतही लोक जातात. त्यापुढे ट्रस (बारीक मेंबरच्या त्रिकोणांची जाळी) किंवा स्पेस फ्रेम (तशीच जाळी, पण सगळ्या दिशांना पसरलेली). पण झोल स्पॅनच्या चौथ्या घाताने वाढतो, दर मीटरचा लोड तोच ठेवून स्पॅन दुप्पट केला तर तोच बीम सोळा पट वाकेल, म्हणून "जमतंय का" याऐवजी "गरज आहे का" विचारा. गोडाऊनमध्ये रॅकच्या ओळीत एक कॉलम लपून जातो आणि स्टीलही भरपूर वाचतं. दरवेळी सांगतो, दरवेळी लोकांना मोकळाच हॉल हवा असतो.

८. स्टील हलकं असतं, मग फाउंडेशन पण छोटं चालेल ना?

खाली दाबणारा लोड कमी, हे खरं. पण हलक्या शेडचा खरा शत्रू वर उचलणारा वारा आहे.

हिशोब करूनच दाखवतो. वारा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर, धरला तर त्याचा दाब ०.६ गुणिले ४० चा वर्ग, ९६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ९६ किलो. छतावर तो बराचसा वरच्या दिशेने ओढतो. छताचं स्वतःचं वजन पत्रा, पर्लिन, फ्रेम सगळं धरून समजा २० किलो. उरले ७६. आता २४ मीटर रुंद शेड, फ्रेममधलं अंतर ७.५ मीटर, म्हणजे एका कॉलमच्या वाट्याला ९० चौरस मीटर छत, आणि त्याला वर खेचणारी ओढ जवळजवळ ७ टन. ती धरून ठेवायला तीन घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं, किंवा फुटिंग खोल घेऊन त्यावरच्या मातीचं वजन धरावं लागतं.

यात मोठा दरवाजा उघडा राहिला की वारा आत शिरून खालूनही ढकलतो, ओढ आणखी वाढते. म्हणून वादळाची सूचना आली की आधी रोलिंग शटर बंद करा. डिझाइन करणाऱ्यालाही विचारा की दरवाजे बंद धरलेत की उघडे.

९. फाउंडेशनचे जे-बोल्ट जागेवरून सरकलेत, बेस प्लेट बसत नाहीये. वाकवून बसवू का?

गरम करून वाकवायचं तर नावच काढू नका. दोन-चार मिलिमीटरचा फरक असेल तर बेस प्लेटचं भोक मोठं करून वर जाड वॉशर प्लेट वेल्ड करतात, तीही डिझायनरला विचारून. त्याहून जास्त असेल तर केमिकल अँकर (काँक्रीटला भोक पाडून केमिकलने चिकटवलेला बोल्ट), नाहीतर तोडून परत. हे टाळायचा उपाय अगदी साधा आहे, काँक्रीट ओतताना बोल्ट स्टीलच्या टेम्प्लेटमध्ये घट्ट धरायचे आणि ओतून झाल्या झाल्या, ओलं असतानाच, परत मापायचं. सिव्हिलवाला आणि फॅब्रिकेटर दोघांनी एकाच ठिकाणापासून टेप धरायचा. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

बेस प्लेटखाली २५ ते ५० मिलिमीटर जागा सोडून नंतर ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं असतं, ते विसरू नका. वर्षभर लेव्हलिंग नटवर आणि हवेवर उभे असलेले कॉलम मी बघितलेत.

१०. बोल्टिंग चांगलं की वेल्डिंग?

वर्कशॉपमध्ये वेल्डिंग, साइटवर बोल्टिंग. हा नियम मोडायला सबळ कारण पाहिजे. वर्कशॉपमध्ये वेल्डर बसून, सावलीत, जॉब उलटा-सुलटा फिरवून काम करतो. साइटवर तोच माणूस शिडीवर, वाऱ्यात, डोक्याच्या वर वेल्ड मारतो, आणि ७०१८ चे रॉड (ओलावा न चालणारे वेल्डिंगचे रॉड) ओव्हनमधून काढून उघड्या डब्यात पडलेले. ओलावा धरलेल्या रॉडमुळे वेल्डशेजारी क्रॅक जातो, आणि तो लगेच नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो, तोवर वर पेंट झालेला असतो.

बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. ८.८ मध्ये पहिला ८ म्हणजे तुटायची ताकद ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, कायमचा ताणला जाणार. याच हिशोबाने १०.९ म्हणजे १,००० आणि ९००. डोक्यावर काहीच छापलं नसेल तर तो बोल्ट फ्रेमच्या जॉइंटमध्ये नको. पूर्ण ताण देऊन आवळलेला १०.९ काढला तर परत वापरायचा नाही, नवीन घ्यायचा. बोल्ट फक्त हाताने घट्ट करायचेत की ताण देऊन, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल तर विचारा, कारण दोन्ही जॉइंट वेगळ्या पद्धतीने काम करतात.

११. फॅब्रिकेटर म्हणतोय जॉइंट थोडा बदलला तर सोपं जाईल, स्टीलही तेवढंच लागतंय. करू देऊ का?

ज्याने हिशोब केलाय त्याच्या सहीशिवाय नाही. कारण सांगायला एकच किस्सा पुरे.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीत एकाखाली एक असे दोन लटकते पूल होते. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच लांब रॉड दोन्ही पुलांमधून जात होता. तेवढ्या लांब रॉडवर आटे पाडणं आणि नट वरपर्यंत फिरवत नेणं कटकटीचं, म्हणून रॉडचे दोन केले, एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला काहीच फरक नाही, पण आधी वरच्या पुलाच्या नटवर फक्त वरच्या पुलाचा भार होता, आता खालचा पूलही त्याच बीमला लटकला, म्हणजे नटवर लोड दुप्पट. तो बीमही दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेला, आणि भोक बरोब्बर त्या वेल्डमधून. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी लॉबी भरलेली असताना नट बीममधून आरपार निघाला. ११४ माणसं गेली.

दोरीवर दोघं लटकलेत, आणि आता खालच्याने वरच्याच्या पायाला धरलंय, एवढाच तो फरक. बदल सुचवणारा माणूस वाईट नसतो, बऱ्याचदा त्याचं खरंही असतं, पण उत्तर हिशोबातून यायला हवं, सोयीतून नाही.

१२. भिंतीतला तो तिरका रॉड दरवाज्याच्या मधे येतोय, कापला तर चालेल का? त्याच्यावर तर काहीच लोड नाहीये.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि निम्म्या वेळा रॉड कापून झाल्यावर येतो.

शांत दिवशी त्याच्यावर खरंच लोड नसतो. हाताने हलवला तर खुळखुळतो, म्हणून लोकांना वाटतं फालतू आहे. पण शेडच्या लांबीच्या दिशेने वारा आला, भूकंप आला, क्रेनने ब्रेक मारला, की सगळ्या फ्रेम पत्त्यांसारख्या एका बाजूला झोपू नयेत म्हणून तोच रॉड असतो. दुसरं काम तर दिसतच नाही. दाबातला लांब मेंबर आडवा फुगून जातो, प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी दाबून बघा, मधे बोट लावलं की कशी कडक होते. ब्रेसिंग म्हणजे ते बोट. मधला आधार काढून मोकळी लांबी दुप्पट झाली की बारीक मेंबरची दाब घ्यायची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं स्पेस फ्रेमचं छत १८ जानेवारी १९७८ ला पहाटे बर्फाच्या वजनाने बसलं, त्यात हेच होतं, वरच्या दाबातल्या मेंबरना मधे पुरेसं धरलेलं नव्हतं. काही तास आधी तिथे मॅच बघायला हजारो लोक होते.

एका शेडमध्ये ट्रक नीट वळावा म्हणून मालकाने क्रॉस ब्रेसिंग काढून त्याच रॉडचं गेटचं हँडल करून घेतलं होतं. मी गेलो तेव्हा मोठ्या कौतुकाने दाखवलं.

दरवाजा हवाच असेल तर ब्रेसिंग शेजारच्या बेमध्ये (दोन फ्रेममधल्या गाळ्यात) हलवता येतं, किंवा त्या बेमध्ये पोर्टल ब्रेसिंग (तिरक्या रॉडऐवजी घट्ट जोडलेली चौकट) करता येतं. आधी नवीन बसवायचं, मग जुनं काढायचं, उलट नाही.

१३. इरेक्शन चालू असताना फ्रेम पडल्याचं ऐकतो, असं का होतं? डिझाइन तर बरोबर असतं.

डिझाइन पूर्ण झालेल्या बिल्डिंगचं असतं. अर्धवट उभी असलेली फ्रेम ही वेगळीच गोष्ट आहे, तिला अजून पर्लिन नाहीत, ब्रेसिंग नाही, नट हाताने लावलेले. म्हणून सुरुवात नेहमी ब्रेसिंगवाल्या बेपासून करायची, पहिल्या दोन फ्रेम उभ्या करून, मधल्या पर्लिन आणि ब्रेसिंग लावून, प्लंब करून (उभ्या सरळ रेषेत आणून), बोल्ट आवळून पूर्ण ताठ करायच्या आणि मगच तिसरी. पहिली फ्रेम वायर रोपने चारी बाजूंनी ताणलेली पाहिजे. "उद्या ब्रेसिंग येतंय, तोवर पाच फ्रेम उभ्या करून घेऊ" हे वाक्य कानावर आलं की काम थांबवा, रात्रीचा वारा उद्याची वाट बघत नाही.

१४. स्टील जळत नाही, मग फायरप्रूफिंग कशाला?

जळत नाही, पण मऊ पडतं. वितळायला १,५०० अंशांच्या आसपास लागतात, पण तेवढी वाट बघायची गरजच नसते, ५५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ताकद निम्म्यावर आलेली असते. टेस्टच्या भट्टीत अर्ध्या तासात हवा ८०० च्या वर जाते, आणि पातळ उघडं सेक्शन तिच्या मागोमाग तापतं.

किती संरक्षण हवं हे सेक्शनच्या जाडीवरही ठरतं. पातळ सेक्शन पटकन तापतं, जाडजूड कॉलम हळू, म्हणून एकाच बिल्डिंगमध्ये वेगवेगळ्या मेंबरना पेंटची वेगवेगळी जाडी लागते, आणि "सगळीकडे सारखा एक कोट मारला" म्हणजे कुठेतरी कमी पडलाय. पर्याय तीन: तापल्यावर फुगून फेस होणारा इन्ट्युमेसंट पेंट, सिमेंट किंवा व्हर्मिक्युलाइटचा स्प्रे, नाहीतर बोर्डाचं आवरण. दिसणाऱ्या भागात पेंट, फॉल्स सीलिंगच्या वर स्प्रे. ६०, ९० की १२० मिनिटं, ते बिल्डिंगची उंची, वापर आणि फायरचे नियम ठरवतात. नंतर एसीवाला, इलेक्ट्रिशियन येऊन क्लॅम्पसाठी तो खरवडतात, ते परत भरून घेणं कोणाच्याच कामात नसतं.

उलटी बाजूही सांगतो. जून १९९० मध्ये लंडनच्या ब्रॉडगेटमध्ये बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगला आग लागली, फायरप्रूफिंग पूर्ण झालेलं नव्हतं, काही कॉलम १०० मिलिमीटरच्या आसपास दबून आखूड झाले, तरी बिल्डिंग पडली नाही. मजले आणि जॉइंट एकमेकांना धरून होते, भार शेजाऱ्यांनी उचलला. त्यानंतर आख्ख्या बिल्डिंगच्या आगीचा अभ्यास जोरात सुरू झाला. पण हे ऐकून कोणी फायरप्रूफिंग कापू नका, एकट्या शेडच्या फ्रेमला असे शेजारी नसतात.

१५. गंज कसा टाळायचा? रेड ऑक्साइड मारलं की झालं ना?

पेंटपेक्षा पेंटच्या आधीची सफाई महत्त्वाची. रोलिंगमधून आलेली निळसर काळी पापुद्र्यासारखी मिल स्केल तशीच ठेवून वर कितीही भारी एपॉक्सी मारा, पापुद्रा सुटला की पेंटही सुटणार. बाहेरच्या कामाला शॉट ब्लास्टिंग, साधारण एसए अडीच (सफाईची पातळी), आणि मग काही तासांतच प्रायमर. जाडी मायक्रॉनमध्ये मीटर लावून मोजा, रंग भरलेला दिसतोय म्हणून पास करू नका.

गंज कुठे लागतो ते बघितलंत तर निम्मं डिझाइन समजतं: कॉलमच्या पायाशी माती साचते तिथे, पाठीला पाठ लावलेल्या दोन अँगलच्या फटीत, उताण्या ठेवलेल्या चॅनलमध्ये, गटरच्या खाली. पाणी थांबणार नाही असं बनवा, भोक ठेवा, फट सील करा.

गॅल्वनाइझिंग उत्तम, पण बंद पाइप असेल तर हवा जायला भोकं हवीतच. झिंकचं कुंड ४५० अंशांचं असतं, पाइपात अडकलेल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि पाइप फुटतो, शेजारी उभ्या माणसासकट सगळ्यांवर झिंक उडतं. हे ड्रॉइंगवरच दाखवायचं असतं.

१६. पाऊस नाही तरी सकाळी पत्र्याखालून पाणी टपकतं, गळती सापडत नाही.

गळती नाहीच ती. रात्री पत्रा थंड होतो आणि आतल्या दमट हवेचं त्यावर पाणी होतं. पत्र्याखाली इन्सुलेशन आणि आतल्या बाजूला बाष्प अडवणारा थर, सोबत रिजला (छताच्या माथ्याला) व्हेंटिलेटर. इन्सुलेशनचे जोड टेपने बंद नसतील तर दमट हवा तिथून आत जाते आणि तेच परत.

१७. स्टीलच्या बिल्डिंगवर वीज जास्त पडते का?

वीज उंची आणि जागा बघते, मटेरियल नाही. उलट सलग जोडलेली स्टीलची फ्रेम वीज जमिनीत न्यायला चांगली वाट असते, फक्त कॉलम अर्थिंगला नीट जोडलेले पाहिजेत.

१८. स्टीलच्या ऑफिसमध्ये कोणी चाललं की मजला थरथरतो. पडेल का?

बहुधा नाही. ताकद आणि थरथर या वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि लांब स्पॅनच्या हलक्या मजल्याची स्वतःची लय त्या पावलांच्या पटीत आली तर झोपाळ्यासारखा थोडाथोडा झोका साठत जातो. बऱ्याच स्टील बिल्डिंगमध्ये डेक शीटवर काँक्रीट ओतून ते शिअर स्टडने (बीमवर वेल्ड केलेल्या खुंट्यांनी) बीमला जोडतात, त्यामुळे दोघं मिळून काम करतात आणि बीम हलका करता येतो. तो हलका केला की लय खाली येते, आणि भारी ग्रेड घेऊन ती वर जात नाही, कारण प्रश्न ४ मध्ये आहे. गंमत अशी की पार्टिशन, फायलींची कपाटं काढून ऑफिस मोकळं केलं की तक्रारी वाढतात, कारण थरथर जिरवणाऱ्या वस्तूच गेल्या. जिम किंवा डान्स हॉल करायचा असेल तर आधीच सांगा, तिथे सगळे एका ठेक्यात उड्या मारतात.

१९. लांब शेडला एक्स्पान्शन जॉइंट लागतोच का?

दर मीटरला, दर अंशाला स्टील ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ६० मीटरची शेड आणि ४० अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ २९ मिलिमीटर. हे सरकायला जागा मिळाली तर काहीच होत नाही, दोन्ही टोकांना कडक ब्रेसिंग लावून आवळलं तर जॉइंटवर येतं. म्हणून लांब शेडमध्ये मुख्य ब्रेसिंग मध्याजवळ ठेवलं तर दोन्ही बाजू मोकळ्या फुलतात. शंभर-दीडशे मीटरच्या पुढे जॉइंटचा विचार करतातच. पत्र्याचे स्क्रू ढिले होऊन भोकं लांबट होणं हे याचंच छोटं रूप.

२०. एसीचा डक्ट न्यायला बीमला भोक पाडायचंय, कुठे पाडू?

उभ्या पट्टीत, म्हणजे वेबमध्ये, साधारण मध्यावर, आणि तेही सपोर्टजवळ नाही. वरच्या-खालच्या फ्लँजला हात लावायचा नाही, बीमचा वाक त्याच सांभाळतात. गॅस कटरने कोपरे चौकोनी काढू नका, गोल ठेवा, कोपऱ्यातून क्रॅक सुरू होतो. पीईबीच्या पातळ वेबला हेही विचारल्याशिवाय नको.

२१. छतावर सोलर पॅनल आणि खाली पाइपलाइन लटकवायचीये, चालेल?

पॅनल आणि त्याचं स्ट्रक्चर मिळून चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास सहज जातं. ऐकायला किरकोळ, पण छताचा स्वतःचा पत्रा पाचेक किलोचा असतो. वर तिरपी लावलेली पॅनल वाऱ्याला पंखासारखी सापडतात, तेव्हा प्रश्न ८ मधली ओढ परत मोजावी लागते. पाइप लटकवताना झेड पर्लिनच्या खालच्या ओठाला क्लॅम्प लावू नका, पर्लिन पिळली जाते, वेबला बोल्ट मारून लटकवा, आणि जड पाइप थेट फ्रेमवर न्या. लोडखाली असलेल्या मेंबरवर आडवं लांब वेल्डिंग तर अजिबात नको, तापलेला भाग तेवढ्या वेळापुरता मऊ असतो.

२२. पाच टनाची क्रेन आहे, गर्डर जाड दिसतो, दहा टनाची बसवली तर?

एकदा उचललं तर कदाचित काहीच होणार नाही, आणि तिथेच फसगत होते. क्रेनचा गर्डर थकून जातो, लाखो वेळा ताण आला-गेला की वेल्डच्या कडेला बारीक क्रॅक सुरू होतो. येणारा-जाणारा ताण दुप्पट केला तर आयुष्य निम्मं नाही, साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. भारी ग्रेडचं स्टीलही इथे मदतीला येत नाही, वेल्ड कसा आहे त्यावर ठरतं. शिवाय चाकाचा भार कॉर्बेल (गर्डर टेकायला कॉलममधून बाहेर काढलेला आधार), कॉलम, फाउंडेशनपर्यंत जातो, ब्रेकचा धक्का ब्रेसिंगवर. पूर्ण साखळी तपासून घ्या. सध्याच्या गर्डरवर वरच्या फ्लँज आणि वेबच्या वेल्डवर पेंटला केसासारखी गंजाची रेघ दिसतेय का ते टॉर्च लावून आजच बघा.

२३. सेकंडहँड शेड स्वस्तात मिळतेय, उचलून दुसरीकडे लावू का?

मिळू शकते चांगली, बोल्टची शेड तर खोलून लावता येतेच. पण ती जिथे उभी होती तिथल्या वाऱ्यासाठी बनवलेली असते, तुमच्याकडच्या नाही, त्यामुळे मूळ ड्रॉइंग नसेल तर सगळे सेक्शन मोजून परत हिशोब करावा लागतो. खोलायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर नंबर टाका आणि फोटो काढा, खडूने नाही, पेंटने. गॅस कटरने कापून काढलेली असेल तर जॉइंटच गेले, मग तो भंगाराच्या भावाचा माल. बोल्ट सगळे नवीन घ्या. कॉलमचा खालचा अर्धा मीटर हातोडीने ठोकून बघा, घण् वाजलं तर ठीक, बद्द आवाज येऊन पापुद्रे गळाले तर तिथली जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक गेजवाला बोलवा आणि तोपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.